अकोटची विहीर, हिवरखेडचा सूर्य

पुण्याच्या स्टेशनवर आमच्या व्यायामशाळेच्या सेक्रेटरींनी हातात नारळ दिला आणि दाखल्याशिवाय परत येऊ नका, असंही बजावलं. पोहणं, सायकल आणि धावणं अशी मोठी तिहेरी शर्यत फेब्रुवारीत मुंबईला व्हायची होती. आमच्यातला एकच माणूस जाणार होता, आणि त्याने आधी कुठेतरी अशीच लांब पल्ल्याची शर्यत वेळेत पुरी केल्याचा दाखला आणायला हवा होता. वयाची अट पस्तिशीच्या आतली. मला पस्तिसावं लागलं होतं, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. आणि त्या हिवाळ्यात अशी शर्यत होती फक्त अकोटला. वऱ्हाड नुकताच आमच्या राज्यात आला होता, तरी अकोट नेमकं कुठे हे मी नकाशात शोधूनच निघालो.

अकोल्याला गाडीतून उतरलो तेव्हा हातपाय गारठले होते. एस.टी.च्या टपावर सायकल चढवली आणि अकोटच्या वाटेला लागलो. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी) फुटलेली. शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्या अर्ध्या विजारीकडे बराच वेळ पाहिलं.

"काहून आले जी इकडे?"

"शर्यतीला."

"जिंकलं तं काय भेटते?"

"दाखला मिळतो."

"दाखला तं आमचा पटवारी घरी बसल्या देते," असं म्हणून त्याने तोंड खिडकीकडे वळवलं.

शर्यत भरवली होती अमरावतीहून येऊन अकोटात स्थायिक झालेल्या एका वकीलसाहेबांनी. त्यांनी योजना समजावून दिली. पोहण्याजोगी नदी जवळ नाही, म्हणून पोहणं विहिरीत. स्पर्धक सात, म्हणून मळ्यांतल्या सात विहिरी घेतलेल्या. प्रत्येकाने आपापल्या विहिरीत काठाकाठाने पन्नास फेऱ्या मारायच्या, मग सायकलने अकोल्याला जाऊन परत यायचं आणि शेवटी धावत हिवरखेड गाठायचं. वेळ सूर्य मावळेपर्यंत.

मी पुणेकर असल्याने मला तिथल्या तिथे चार हरकती सुचल्या. विहिरी सारख्या मापाच्या आहेत का, हे मी विचारलं.

"माणसं तरी कुठे सारखे आहेत जी?" वकीलसाहेब म्हणाले.

"फेऱ्या कोण मोजणार? आणि सूर्य मावळला हे कुणी ठरवायचं? मला निःपक्षपाती माणूस हवा. खोटं न बोलणारा."

वकीलसाहेबांनी थोडा विचार केला आणि गावच्या विष्णुभटजींना बोलावलं. साठीचा, किडकिडीत माणूस. हे जन्मात खोटं बोललेले नाहीत आणि यांची संध्या कधी चुकलेली नाही, अशी ओळख करून देण्यात आली. माझ्या फेऱ्याही तेच मोजणार आणि हिवरखेडला सूर्यही तेच बघणार, असं ठरलं. आपण या लोकांना शिस्त लावली, या समाधानात मी झोपलो.

माझ्या वाट्याला आलेली विहीर महादेवराव माळ्यांच्या संत्र्याच्या बागेत होती. माझ्यासाठी त्यांनी त्या दिवशी मोट बंद ठेवली होती. थारोळ्यावर (मोटेचं पाणी पडतं त्या कुंडाच्या काठावर) भटजी पूर्वेला तोंड करून बसले. आठच्या ठोक्याला मी पाण्यात उडी घेतली. पाणी असं गार होतं की पहिल्या दहा फेऱ्या मी नुसत्या रागावर काढल्या. पुढे लय लागली. पन्नासच्या आसपास आलो असेन असं वाटलं, पण वरून आवाज नाही. मला शंका आली, ती माझ्या मोजण्याची. जो जन्मात खोटं बोललेला नाही तो चुकेल कसा? मी पोहत राहिलो. हाताला गोळे यायला लागले तेव्हा मात्र न राहवून ओरडलो, "भटजी, किती झाल्या?"

उत्तर नाही. ओठ हलत होते. आणखी पुष्कळ वेळाने त्यांनी हात वर केला.

मी पायऱ्यांवर कोसळलो. भटजी शांतपणे म्हणाले, "एकशे आठ."

"पन्नास होत्या हो!"

"हो, पन्नासला ध्यानात आलं होतं. पण मी जपमाळेवर मोजून राहिलो होतो. माळ अर्ध्यात सोडता येत नाही, अन् माळ हाती असताना बोलताही येत नाही."

बाकीचे सहा जण केव्हाच सायकलींवर बसून गेले होते. संतापाने मी ओला तसाच सायकलीकडे निघालो. महादेवरावांची बायको भाकर आणि वांग्याची भाजी घेऊन उभी होती. मी नको म्हटलं.

"मंग धावसान कायच्या भरवशावर?" तिने विचारलं आणि चार संत्री माझ्या पिशवीत कोंबली.

अकोल्यापर्यंत वारा समोरून होता. परतताना वारा पाठीशी आला, तर रस्ता कापसाच्या बंड्यांनी (बैलगाड्यांनी) अडवलेला. सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याकडे निघालेली ती रांग बाजूला व्हायला तयार नव्हती. एक गाडीवान म्हणाला, "कापूस घरून निघाला का तो बी शर्यतीतच असते, भाऊ." पुढे बाभळीच्या काट्याने चाक बसलं. ते काढून, जोडून अकोटला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

हिवरखेडच्या रस्त्यावर मी धावलो, चाललो, पुन्हा धावलो. उजवीकडे सातपुडा निळा पडत होता. संत्री संपली होती, आणि त्या बाईची भाकर घेतली नाही याचा मनापासून पश्चात्ताप होत होता. गाव मैलभर राहिलं असताना ज्वारीच्या शेतामागे सूर्य टेकला आणि माझ्या डोळ्यांदेखत गेला. मी थांबलो. मुंबई संपली, हे मला स्वच्छ कळलं, आणि मी रस्त्यात उभा राहून रडलो. मग निदान अकोटला सायकलीपाशी परत नेणारं तरी कुणी भेटायला हवं म्हणून धावत सुटलो.

मारुतीच्या पारापाशी अर्धं गाव जमलं होतं. "आला, पुण्याचा आला! सूर्य हाये अजून!" महादेवराव ओरडले आणि सगळ्या गावाने अगदी गंभीरपणे पश्चिमेकडे पाहिलं. तिथे नुसता तांबूस उजेड होता.

वकीलसाहेबांनी कागद पुढे ओढला. "सूर्य भटजी ठरवतील. पुणेकरांचीच अट आहे."

भटजी पारावर पश्चिमेला तोंड करून उभे होते. पुढ्यात तांब्या आणि पळी. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

"वकीलसाहेब, सूर्य मावळायच्या आत मी संध्येला बसतो, हे गावाला माहीत आहे न?"

"आहे."

"मग मी बसलो का अजून?"

"नाही."

"तर मग लिहा."

दाखला लिहिला गेला. लोक रोडग्यांकडे (गोवऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांकडे) वळले. माझ्याने उठवत नव्हतं, म्हणून मी तिथेच पाराला टेकून राहिलो. भटजी आता संध्येला बसले, आचमन केलं आणि त्यांनी अर्घ्य द्यायला सुरुवात केली. मुंजीनंतर चार वर्षं मीही वडिलांच्या धाकाने संध्या केली आहे. वेळेत केली तर अर्घ्यं तीन. वेळ टळली असेल तर त्याचं प्रायश्चित्त म्हणून आणखी एक. मी मोजत होतो. तिसऱ्यानंतर ते क्षणभर थांबले, ओंजळ पुन्हा भरली आणि चौथं सोडलं.

मग वळून म्हणाले, "पायाला तेल लावून घ्या. उद्या उठता येणार नाही."

पुण्याला सेक्रेटरींनी दाखला चष्मा लावून वाचला. "सूर्य मावळायच्या आत पोचलात ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. मुंबईला गेलो आणि शेवटून दुसरा आलो, तेव्हा माझ्या दाखल्याने कुणाचं बक्षीस काही बुडालं नाही. आजही लोकांना मी वेळेचा फार काटेकोर वाटतो. अकोटला मी वेळेत पोचलो नव्हतो, हे भटजींना ठाऊक होतं आणि मला. त्यांनी त्याचं प्रायश्चित्त त्याच संध्याकाळी घेतलं. माझं राहिलंच आहे.