तीन दिवस जाण्याचे, तीन दिवस राहण्याचे

रेजिना परेरा मॅडम यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या कारखान्याला छप्पर होते, पण भिंती तीनच होत्या. चौथ्या बाजूला ताडपत्री बांधलेली होती. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी शहापूरला फिटरचा कोर्स पुरा केला होता आणि सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या गावातून दोन एसटी बदलून मुलाखतीला आलो होतो. मॅडमनी माझे सर्टिफिकेट पाहिले, माझ्या तळहातावर एक लहानशी स्प्रिंग ठेवली आणि विचारले, "हिच्यात काय खोट आहे?"

मी ती उजेडात धरली, दाबली, फिरवली. काही दिसेना. शेवटी म्हणालो, "मला नाय कळत, मॅडम."

त्यांनी ती परत घेतली. डोळे अर्धवट मिटून बसून राहिल्या. मला वाटले, गेली नोकरी. मग म्हणाल्या, "खोट नाहीच तिच्यात. दिसली नाही तर दिसली नाही म्हणणारा माणूस मला हवा होता. उद्यापासून ये, वसंत."

त्या गोष्टीला आता सतरा-अठरा वर्षे झाली. मॅडम यंदा साठ वर्षांच्या झाल्या. या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी अनेक जाणती माणसे लिहितील. मी त्यांच्या हाताखाली काम शिकलेला माणूस. जे डोळ्यांनी पाहिले, तेवढेच मला लिहिता येईल.

मॅडम मूळच्या वसईच्या, बागायतदार कॅथलिक घराण्यातल्या. मुंबईच्या एका मोठ्या कारखान्यात त्या स्प्रिंगांची तपासणी करीत. तो कारखाना बंद पडला. तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या बहुतेकांनी दुसरी नोकरी शोधली. मॅडमनी तार वळवण्याची दोन जुनी यंत्रे घेतली आणि मुरबाड गाठले. एकटी बाई, अविवाहित, त्यात ख्रिश्चन. आमच्या भागात कुजबुज होणारच होती, आणि ती झाली.

कुजबुजीचे मुख्य कारण होते दुपारचे बारा. कॅथलिक लोक त्या वेळी मरियामातेला मिळालेल्या देवदूताच्या निरोपाचे स्मरण करतात. मॅडम बाराच्या ठोक्याला मुख्य बटण बंद करीत आणि तारेच्या गुंडाळ्या ठेवायच्या खोलीत जाऊन बसत. तिथे एक चटई, भिंतीवर क्रूस आणि खुंटीला अडकवलेली जपमाळ, एवढेच होते. पाच मिनिटे सारा कारखाना गप्प. पहिल्या दिवशी आम्हाला वाटले, वीजच गेली. दुसऱ्या दिवशीही तेच झाले, तेव्हा माझ्या वडिलांपर्यंत बातमी गेली आणि ते तिसऱ्या दिवशी धोतर सावरत थेट कारखान्यात हजर झाले.

"बाय, रोकठोक इचारतो," ते म्हणाले. "आमच्या पोरांना बाटवायचा इचार नाय ना तुमचा?"

मी शरमेने यंत्रामागे गेलो. मॅडमनी मात्र त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले. "बाबा, प्रार्थना मी करते. तुमच्या मुलानं करावी असं माझं म्हणणं नाही. त्यानं त्या पाच मिनिटांत मारुतीचं नाव घ्यावं, डुलकी काढावी, काहीही करावं. फक्त बोलायचं नाही आणि मशीन चालवायचं नाही. दिवसभर या आवाजात मला माझाच विचार ऐकू येत नाही हो."

वडिलांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "मंग आमच्या घरी पन अशी पाच मिनटं पायजेत," ते म्हणाले आणि दोघेही हसले. त्यानंतर आमच्या गावातून कारखान्यात यायला कोणी कचरले नाही.

मॅडम या मौनात काय करीत, हे मला पुष्कळ वर्षे कळले नव्हते. देवाला प्रश्न विचारत असतील आणि तो उत्तर देत असेल, अशी माझी समजूत. ती चंद्राताईंच्या प्रकरणात थोडी सुधारली. चंद्राताई सिद्धगडाच्या उतारावरच्या वाडीतून येत. नाजूक स्प्रिंगा वळवण्यात त्यांच्यासारखा हात नव्हता. एकदा त्या सलग चार दिवस आल्या नाहीत. मी म्हणालो, "मॅडम, दुसरी बाई घेऊ." दुपारी मॅडम आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मी तिच्यावर रागावले होते. राग बाजूला झाल्यावर लक्षात आलं, आपण तिला कारणच विचारलेलं नाही. चल."

आम्ही वाडीवर चढून गेलो. चंद्राताईंच्या सासऱ्यांनी सांगितले, "गाडी चुकली का पोरीला आंधारात रान तुडवत यावा लागतं. नाय धाडनार." दुसऱ्या दिवशी मॅडमनी एसटीच्या मुरबाड स्थानकातून गाड्यांच्या वेळा लिहून आणल्या आणि कारखाना सुटण्याची वेळ त्यांप्रमाणे ठरवली. त्या आठवड्यात चंद्राताई परत आल्या, आणि त्यांच्या मागोमाग त्या बाजूच्या आणखी सहा जणी.

मॅडम चुकत नसत असे मात्र कोणी समजू नये. एकदा एका दलालाच्या घाईला भुलून त्यांनी उभ्या उभ्या एक जुने यंत्र पसंत केले. ते एक दिवसही धड चालले नाही. पुढे शेडमागे त्याच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. कोणी पाहुणा आला की मॅडम स्वतः त्याला तिकडे नेत आणि सांगत, "हे मी प्रार्थना न करता घेतलेलं मशीन."

त्यांच्या आणि आम्हा सर्वांच्या कसोटीची वेळ आली ती नवे शतक सुरू झाल्यावर. आमचा जवळजवळ सगळा माल एकाच मोठ्या कंपनीला जाई. ती विजेचे मोठे स्विच बनवी. करसवलतीमुळे त्या काळी पुष्कळ कारखाने सिल्वासाकडे निघाले होते. इकडे भारनियमनाने जीव मेटाकुटीला आला होता. ही कंपनीही निघाली. तिच्या खरेदी अधिकाऱ्यांनी मॅडमना निरोप दिला की तुम्हीही आमच्याबरोबर या, शेड तयार मिळेल. नाही आलात, तर आम्ही तिकडचा पुरवठादार पाहू.

मी त्या वेळी सुपरवायझर होतो. सिल्वासाला गेलो तर मॅनेजर होणार होतो. राहायला क्वार्टर, बसायला केबिन. मी बायकोला सांगूनही टाकले होते. तीस कामगारांपैकी फार तर पाच जण सोबत येऊ शकले असते. बाकीच्यांची शेती, घरे, मुले इथेच होती.

मॅडमनी आधी सगळी माहिती जमवली. सिल्वासाला दोनदा जाऊन आल्या, विजेची चौकशी केली, वाहतूकवाल्यांशी बोलल्या. "माहिती न घेता देवापुढं बसणं म्हणजे अभ्यास न करता परीक्षेला बसणं," असे त्या म्हणत. मग त्यांनी मला बोलावले.

"वसंत, आता मी सहा दिवस कोणाचा सल्ला घेणार नाही. पहिले तीन दिवस मी जायचं पक्कं ठरलंय असं धरून जगणार. पुढचे तीन दिवस राहायचं पक्कं ठरलंय असं धरून. रोज प्रार्थनेत बसून बघणार, मनात काय टिकतं आणि काय विरून जातं."

मला हसू आले. मी ते लपवले.

सातव्या दिवशी त्यांनी सर्वांना एकत्र केले. "आपण जात नाही," त्या म्हणाल्या. "जायच्या दिवसांत मला मोठा आनंद झाला होता. पण संध्याकाळी जपमाळ हातात घेतली की तो उरत नव्हता, नुसतं कोरडं वाटायचं. राहायच्या दिवसांत भीती वाटली. अजूनही आहे. पण त्या भीतीच्या खाली काहीतरी शांत होतं, आणि ते तिन्ही दिवस हललं नाही."

बायांच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्या डोक्यात मात्र आग होती. सर्वांसमोर मी बोलून गेलो, "मॅडम, तुमच्या देवाला धंदा कळतो का?"

बायांनी माझ्याकडे वळून पाहिले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "धंदा मला कळायला हवा, वसंत. त्याच्यापुढं मी बसते ती माझी भीती कुठली, माझा हव्यास कुठला आणि खरं काय, हे वेगळं काढायला. कधी निघतं, कधी नाही."

त्याच दुपारी मी राजीनामा लिहून टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला आणि माझ्याकडे परत सरकवला. "आज घेणार नाही. मन तापलेलं असताना ठरलेलं काही मोडायचं नाही, हा नियम मी मला लावते, तो तुलाही. आठ दिवसांनी दे. तेव्हा घेईन, आणि चांगली शिफारसही देईन."

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझे मला माहीत. बाराच्या शांततेत मी इतकी वर्षे घरचे हिशेब मांडत असे किंवा पेंगत असे. त्या आठवड्यात पहिल्यांदा मी स्वतःकडे पाहिले. मला कळले की मला सिल्वासा नको होते, क्वार्टरही नको होते. मला दारावर माझ्या नावाची पाटी असलेली केबिन हवी होती. एवढेच. त्यासाठी मी पंचवीस माणसांकडे पाठ फिरवायला निघालो होतो. आठव्या दिवशी मी कागद फाडला आणि मॅडमना विचारले, "आता काय करायचा?"

"आता नाशिकला जायचं," त्या म्हणाल्या.

कसाऱ्याचा घाट चढून आम्ही दोघे नमुन्यांची पिशवी घेऊन नाशिकला हिंडलो. द्राक्षबागांना औषध फवारण्याचे पंप बनवणारे एक गृहस्थ भेटले. पंपाच्या झडपेतली स्प्रिंग औषधातल्या मोरचुदाने गंजते, ही त्यांची तक्रार होती. "एक हंगाम टिकेल अशी आणून दाखवा," ते म्हणाले. आम्ही न गंजणाऱ्या तारेची स्प्रिंग केली. ती गंजली नाही, पण झडपच गळू लागली. दुसरा नमुनाही तसाच परत आला. तेव्हा चंद्राताईंनी स्प्रिंगचे टोक बोटावर फिरवून पाहिले आणि म्हणाल्या, "मॅडम, हिचा शेवटचा येढा रबराला बोचतो गो. टोक घासून सपाट करून बघू."

सपाट केले. तिसरी स्प्रिंग अख्खा हंगाम टिकली, आणि पुढचाही. पहिली मोठी ऑर्डर आली त्या दिवशी कारखान्यातल्या बायांनी यंत्रांभोवती फेर धरला. तो दिवस येईपर्यंतचे आठ-नऊ महिने फार ओढगस्तीचे गेले. आठवड्यातले तीन दिवसच काम होते, पण ते सर्वांना होते. मॅडमनी एकाही माणसाला घरी बसवले नाही.

आणि मग तो प्रसंग, जो आमच्याकडे अजून हसत हसत सांगितला जातो. दोनेक वर्षांनी जुन्या कंपनीची गाडी सिल्वासाहून मुरबाडला आली. नव्या पुरवठादाराच्या स्प्रिंगा नापास होत होत्या. गाडीत तेच खरेदी अधिकारी होते. ते नेमके बाराला पोचले. फाटक बंद, यंत्रे बंद. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आमचे वॉचमन मामा बाहेर गेले.

"कारखाना बंद पडला का?" साहेबांनी विचारले.

"नाय साहेब, जोरात चालू हाय," मामा म्हणाले. "पाच मिनटं गप बसा."

आणि साहेब बसले! पाच मिनिटांनी यंत्रे एकदम सुरू झाली. फाटक उघडले. त्यांनी आत पाऊल ठेवले तेव्हा तीसच्या जागी पन्नास माणसे कामावर होती. मॅडमनी त्यांना चहा दिला, मागचा एक शब्द काढला नाही. ऑर्डर मात्र लगेच घेतली नाही. "परवा कळवते," म्हणाल्या. परवा होकार कळवला, पण एका अटीवर. यापुढे कोणाही एका ग्राहकाला आमच्या मालातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाटा मिळणार नाही. साहेबांनी अट मान्य केली.

आज वाशिंदला आमची दुसरी शेड उभी आहे. दोन्हीकडे मिळून नव्वदच्या वर माणसे काम करतात. मुरबाडची शेड चंद्राताई सांभाळतात, वाशिंदची मी. केबिन मला मिळाली आहे. तिच्यात मी क्वचितच बसतो.

मागच्या महिन्यात मॅडमनी आम्हा दोघांना बोलावले. उंबरमाळीच्या बाजूला तिसरी शेड काढावी, असे त्यांच्या फार मनात होते. जागाही पाहून ठेवली होती. "पण यापुढचा निर्णय तुमचा," त्या म्हणाल्या. "मी बाहेर बसते." आम्ही माहिती जमवली. तीन दिवस शेड काढायची असे धरून काढले, तीन दिवस नाही असे धरून. चंद्राताई त्यांच्या देवीसमोर बसल्या, मी माझ्या पद्धतीने. सातव्या दिवशी आम्ही दोघे मॅडमसमोर उभे राहिलो. कोणी बोलायचे, यावर आमचे डोळ्यांनीच भांडण चालले होते. शेवटी चंद्राताई म्हणाल्या, "आता नाय, मॅडम. आमी दोघांनी बघितला. दोन वर्सं थांबू."

मॅडमनी आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहिले. आणि मग इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेरची माणसे डोकावली. "साठ वर्षांत इतकं गोड 'नाही' मला कोणी म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी नकार कळवायला जागामालकाला तिथल्या तिथे फोन लावला.

मॅडम, आम्हाला तुमच्याशी अजून पुष्कळ वेळा असहमत व्हायचे आहे. तेवढी वर्षे तुम्ही आमच्यासमोर हवात. गुडघ्यांच्या डॉक्टरांची तारीख चुकवू नका, जिना सावकाश चढा, नाताळात आम्हा नव्वद जणांसाठी करंज्या एकट्याने तळू नका. तुमच्या प्रभू येशूपाशी, आमच्या मारुतीपाशी आणि चंद्राताईंच्या देवीपाशी आम्हा सगळ्यांचे मागणे एकच आहे. तुम्हाला धडधाकट, हसते, शंभर वर्षांचे आयुष्य लाभो.