वीस कोयते, चाळीस माणसं

नगरच्या स्टँडवर पाथर्डीची एसटी पकडली तेव्हा मी भलतीच खुशीत होते. देशाच्या हवामान धोरणात बायकांचं आणि तरुणांचं मत घ्यायचं ठरलं होतं. गावात जाऊन कागद भरून आणायचे आणि दिल्लीसाठी त्यांचं भाषांतर करायचं, हे काम माझ्याकडे आलं होतं. करंजी घाटात डोंगर हिरवेगार होते, वारा गार होता. शेजारच्या मावशींनी दिलेला पेरू खात गप्पांत रंगले आणि व्हायचं तेच झालं. माझा फाटा मागे राहिला. मग दोन किलोमीटर उलटी तंगडतोड!

गावात मुकादम (ऊसतोडीची टोळी नेणारा) वाट बघत होता. "किती जण येतील?" असं मी त्याला आधी फोनवर विचारलं होतं. "वीस कोयते," तो म्हणाला होता. म्हणून मी मोजून वीस कागद आणले. समाजमंदिरात बघते तर चाळीस माणसं, वर पोरंसोरं वेगळी!

"आवो ताई, कोयता म्हंजी नवराबायकोची जोडी," मुकादम हसत म्हणाला. "फडात दोघं मिळून एकच मोजत्यात. एका कोयत्याला एक कागद, बरुबर हाय की!"

बरोबर कसलं, कपाळ माझं! लोकांनी आग्रहानं शेंगुळं (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, झणझणीत रश्शात शिजवलेल्या) वाढलं. नाक पुसत मी त्यावर ताव मारला, तोवर पुरुषांनी वीसही कागद भरून टाकले. रस्ता पाहिजे, सभामंडप पाहिजे, पुन्हा रस्ता.

"ताई, बायांचं मत मागितलंय ना?" मागून एक मुलगी उठली. वैशाली तिचं नाव, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. "मग ह्यात बाया कुठं हायेत?"

"आमी अर्धा कोयता गं," तिची आई मंदाबाई म्हणाली. "अर्ध्याचं मत कोन लिव्हतंय?"

बाया खो खो हसल्या. वैशाली हसली नाही. "पाऊस हुकला की तुमी दसऱ्याआधीच निघता. धाकट्यांना सांभाळायला मला बी नेता, अन् माझं कॉलेज बुडतं. हे आज न्हाई लिव्हलं तर कवा लिव्हायचं?"

मला माझीच लाज वाटली. पाचच्या आत कागद नगरच्या कार्यालयात पोचवायचे होते, जादा प्रत एकही नव्हती. झेरॉक्सवाला होता, पण वीज गेलेली. तेवढ्यात वैशालीनं एक कागद उलटा केला. "मागून कोराच हाय की!"

मग काय विचारता! बाया सांगत सुटल्या, वैशाली लिहीत सुटली. "शिमग्यानंतर दुपारची तोड बंद ठेवा." "पोटुशी बाई टेकंल अशी सावली फडात करा." "पोरींसाठी गावातच वसतिगृह पायजे." आईच्या मजकुराखाली वैशालीनं स्वतःचंही लिहून सही ठोकली. मुकादम आधी कुरकुरला, पण उशीर होतोय म्हटल्यावर त्यानंच मोटारसायकलवरून मला नगरला सोडलं.

"बाई, गठ्ठा उलटा लावलाय," कार्यालयातला माणूस म्हणाला. "स्कॅनचं मशीन एकच बाजू घेतं."

"सुलटाच आहे. हीच बाजू घ्या," मी ठणकावलं आणि विसावं पान आत जाईपर्यंत तिथून हलले नाही.

स्कॅन झालेले कागद भाषांतरासाठी परत घेतले. पुण्याच्या गाडीत सुपा गाव मागे पडल्यावर कामाला हात घातला आणि पहिल्याच ओळीला अडले. 'मी मंदा, अर्धा कोयता.' आता हे दिल्लीच्या साहेबाला कसं समजवायचं? मोडका विळा समजून मोकळा व्हायचा तो! वैशालीला फोन लावला. पलीकडे मायलेकींची कुजबुज झाली, मग मंदाबाईच बोलल्या.

"ताई, त्ये अर्धाबिर्धा खोडा. निस्तं मंदा लिव्हा."

इतकी वर्षं भाषांतर करते आहे, पण इतकी नेमकी दुरुस्ती मला कुणी सुचवली नव्हती. हलत्या गाडीत, वाकड्यातिकड्या अक्षरात, मी ती आनंदानं केली.