रॅबचा जादा घाव

रॅब गिलफिलन डावखुरा होता. त्यापायी शाळेत मास्तरांनी त्याला पट्ट्याने झोडपलं, आणि त्याचसाठी क्लाईड नदीकाठच्या जहाजबांधणीच्या यार्डांनी त्याला डोक्यावर घेतलं. जहाजाच्या पत्र्यात हातोड्याने रिवेट, म्हणजे पत्रे जोडणारे तापवलेले लोखंडी खिळे, ठोकायला दोघं जण लागतात, एक उजवा आणि एक डावा. दोघंही उजवे असले तर हातोड्याला हातोडा अडतो. उजवे ढिगाने मिळायचे. डावखुऱ्याच्या घरी मात्र फोरमन स्वतः चकरा मारायचे.

घरी रॅब कबुतरं पाळायचा आणि बायकोला, इफीला, घाबरायचा. बोलणं बेताचंच. त्याचा उजवा जोडीदार आर्ची मकलुस्की, सडाफटिंग आणि तोंडाळ. मी सँडी, जहाजाच्या आत बसून तापल्या रिवेटच्या डोक्याला लोखंडी ठोकळा रेटून धरणारा. बाहेर बसणारा प्रत्येक घाव माझ्या मनगटात उतरायचा.

मंदी आली आणि आमचं यार्ड बंद पडलं. अर्धवट जहाजाचा सांगाडा तिथेच गंजत राहिला. त्या काळात आर्चीने कोळशाच्या गोण्या वाहिल्या. यार्ड पुन्हा सुरू झालं तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या मनगटाने ओळखलं, याचा खांदा गेलाय. नेम तोच, ऐट तीच, पण घाव पोकळ. आवाजावरून त्यालाही कळलं असतं, पण हातोड्यांच्या गोंगाटात आम्ही सगळेच अर्धे बहिरे झालो होतो, आणि आर्ची तर ठार बहिरा. समोरच्याचे ओठ वाचून तो बोलायचा.

रॅबने काही न बोलता एक रीत पाडली. आर्चीचा घाव पडला की त्यावर आपला एक जादा घाव. रिवेट पक्की बसायची, पण दिवसाकाठी कमी बसायच्या, आणि आम्हाला पैसे रिवेटमागे मिळायचे.

"रॅब, दुसरा उजवा बघ," मी एकदा चहाच्या सुट्टीत त्याला गाठलं. "माझ्या घरी खाणारी तोंडं आहेत."

"बघतो की."

"कधी?"

"हे जहाज पाण्यात गेलं की."

"मागच्या जहाजालाही हेच म्हणालास!"

त्याने माझ्या डब्यात चहा ओतला आणि विषय संपवला. मला त्याचा भयंकर राग यायचा. त्याहून जास्त आर्चीचा, कारण तो उलट रॅबलाच हिणवायचा.

"म्हातारा झालास लेका! एका घावाचं काम तुला दोनदा करावं लागतंय!"

"हो रे बाबा, जोर राहिला नाही," रॅब म्हणायचा.

मग लोरिमर नावाचा नवा फोरमन आला. एके दिवशी त्याने त्या दोघांना जहाजाबाहेरच्या परातीवरून आणि मला आतून खाली बोलावलं. "तुमची टोळी सगळ्यात मागे आहे. दोघांपैकी कोणाचा तरी हात गेलाय. तो माणूस सोमवारपासून मला नको."

"माझा गेलाय," रॅब चटकन म्हणाला.

आर्चीने दोघांचे ओठ वाचले आणि पुढे सरसावला. "खरंय, मिस्टर लोरिमर, ह्याचाच हात गेलाय. पण ह्याला घरदार आहे. काढायचंच तर मला काढा. माझ्यामागे कोण रडायला बसलंय?"

रॅबचा चेहरा पांढराफटक पडला. लोरिमर माझ्याकडे वळला. "सँडी, तू आत असतोस. हलका घाव कोणाचा?"

इतके महिने मला हेच हवं होतं. आर्चीचं नाव अगदी जिभेवर होतं. रॅब माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, हातोड्याचा दांडा पुसत होता. मला त्या दोघांची विलक्षण माया वाटली, आणि स्वतःचा संताप आला, कारण पुढे काय बोलणार ते मला कळून चुकलं होतं.

"घाव दोघांचे ठणठणीत आहेत," मी म्हणालो. "ठोकळा मीच ढिला धरतो. मनगट दुखतंय."

"सोमवारपर्यंत बरं कर. नाहीतर तुलाच नारळ." लोरिमर निघून गेला.

तेव्हापासून आम्ही चहाची सुट्टी सोडली आणि आकडा भरून काढला. पण त्या दिवशी पुन्हा कामाला परतताना आर्चीने माझ्या पाठीवर थाप मारली आणि अख्ख्या यार्डाला ऐकू जाईल असा ओरडला, "रॅबसाठी खोटं बोललास, सँडी! माणूस आहेस! आता ह्या म्हाताऱ्याला आपणच दोघांनी सांभाळून घ्यायचं!"

"घ्या रे बाबांनो," रॅब म्हणाला, आणि त्याने हातोडा उचलला.