ड्रॅसिनाला लाल टॅग

चाकणच्या एका कंपनीच्या रिसेप्शनमध्ये माझ्या तीन ड्रॅसिनांना लाल टॅग लावलेला होता.

ड्रॅसिना म्हणजे काठीसारखं खोड आणि वर मक्यासारख्या पानांचा तुरा असलेलं शोभेचं झाड. बँकेत, लिफ्टच्या शेजारी तुम्ही पाहिलेलं असतं. आणि लाल टॅग म्हणजे रिजेक्ट माल. माझे वडील पिंपरीत लेथवर होते, त्यामुळे लाल टॅगचा दरारा मला शाळेपासून माहीत. पण कुंडीला तो लागलेला मी पहिल्यांदाच बघत होते. त्यावर लिहिलं होतं : 'पार्ट – झाड. दोष – वाकले. व्हेंडर – कांबळे मॅडम.'

मी कंपन्यांना कुंड्या भाड्याने देते. बी.एस्सी. ॲग्री झाले, नोकरी केली, सोडली आणि देहूच्या अलीकडे नर्सरी टाकली. कंपनीत झाड आजारी पडलं की ते उचलायचं, जागेवर ताजं ठेवायचं, आजारी नर्सरीत आणून बरं करायचं आणि दुसरीकडे पाठवायचं. याला मी 'रोटेशन' म्हणते. गिऱ्हाइकांना हा शब्द फार आवडायचा आणि मलाही.

"मॅडम, तुमचा पार्ट दुसऱ्यांदा फेल झालाय," क्वालिटीचे पवार साहेब म्हणाले. "पंधरा दिवसांनी कस्टमरचं ऑडिट आहे. झाडं वाकलेली दिसली तर माझीही मान वाकणार."

ही कंपनी माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. इथून हाकललं तर बाकीच्यांपर्यंत बातमी पोचायला दोन दिवसही लागले नसते.

दुसऱ्यांदा हे खरं होतं. तीन महिन्यांपूर्वीही इथल्या तीन कुंड्या मी बदलल्या होत्या. तेव्हा मी सगळं खापर चहावर फोडलं होतं. उरलेला चहा कुंडीत ओतायची सवय एकाही कंपनीला सुटलेली नाही. मुळं कुजली, बुरशी आली, असं मी ठासून सांगितलं. तेव्हा कुंडीपाशी एक बारीक तपकिरी पतंग दिसला होता. हाउसकीपिंगच्या मंदामावशी झाडू घेऊन धावल्या, तर मीच त्यांना अडवलं. "मावशी, हा फंगस मॉथ. बुरशी, कुजकं लाकूड खातो. बिचारा साफसफाईच करतो, तुमच्यासारखी."

हे वाक्य आठवलं की आजही कान गरम होतात.

या वेळी पवार साहेबांनी खोड टूलरूममध्ये नेऊन हॅकसॉने कापायला लावलं. कापताना सहा-सात जण भोवती गोळा झाले. आत गर नव्हताच. लाकडाच्या भुशासारखी विष्ठा होती आणि तिच्यात लालसर डोक्याची एक पांढुरकी अळी आरामात बसली होती. वरची पानं मात्र अजून हिरवी होती.

मी फोटो काढून कॉलेजातल्या माझ्या जुन्या सरांना पाठवले. सर म्हणाले, "फंगस मॉथच्याच कुळातला दिसतोय. नक्की जात सांगायला नमुना आणून दे. पण या कुळातले सगळेच कुजक्यावर भागवत नाहीत. उष्ण देशांतले एकदोन नातलग जिवंत खोडात घुसतात. शोभेच्या झाडांत बसून जहाजाने परदेशी गेलेत. तिकडचे ग्रीनहाउसवाले त्यांच्या नावाने बोटं मोडतात. तू परीक्षेत हा प्रश्न ऑप्शनला टाकला होतास का?"

टाकला होता.

पवार साहेबांनी मीटिंग रूममध्ये व्हाय-व्हाय लावलं. कारखान्यात काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्या उत्तरात खरं कारण सापडतं, अशी या पट्ट्यात श्रद्धा आहे. बोर्डावर पहिली तीन उत्तरं भराभर आली. झाड का वाकलं? खोड पोकळ. पोकळ का? अळीने गर खाल्ला. अळी का? पतंगाने अंडी घातली.

"पतंग इथे का आला?"

"खिडकीतून आला असेल," मी म्हणाले.

मंदामावशी चहाचे कप उचलत होत्या. "खिडक्या उघडत्यात कुठं मॅडम? एशी हाय. त्ये पाखरू तुमच्या गाडीतनं येतंय. झाडं उतरवली की भिंतीवरनं पळतंय. उडत न्हाई, नुसतं पळतंय. मी मारत हुते, तर तुमीच म्हणला ऱ्हाऊ द्या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभ्या असलेल्या बाळूभाऊंकडे पाहिलं. बाळूभाऊ आमचा टेम्पो चालवतात आणि झाडंही तेच चढवतात-उतरवतात.

"गाडी कुठून कुठून येते?" पवार साहेबांनी विचारलं.

"आधी हिंजवडी, मग भोसरी, मग हितं," बाळूभाऊ अभिमानाने म्हणाले. "आजारी झाड उचलायचं, बरं ठिवायचं. रिकामी गाडी आमी पळवतच न्हाई. समदी झाडं दाटीवाटीनं बसवतो."

परदेशी जायला त्या नातलगांना जहाज लागलं होतं. माझ्या पतंगाला मी दारापासून दारापर्यंत टेम्पो दिला होता. नर्सरीत आजारी झाडं निरोगी झाडांना खेटून ठेवलेली, तिथेही त्याची राहायची सोय होती. माझं रोटेशन ते हेच. मला फार लाज वाटली.

पवार साहेबांनी तक्रारीची शीट पुढे ओढून पेन उघडलं. "पाचवं उत्तर काय लिहू? ड्रायव्हरचं दुर्लक्ष लिहूया? ट्रेनिंग दिलं म्हणायचं, शीट बंद. तुमचं नावही राहील."

नाव राहावं असं मला मनापासून वाटत होतं, खोटं कशाला बोलू? बाळूभाऊ खाली बघत होते. मला वडील आठवले. मशीन जुनं, टूल झिजलेलं, पण रिपोर्टमध्ये कायम 'ऑपरेटरची चूक'. घरी येऊन ते त्यावर एक शब्द बोलत नसत, नुसते जेवत.

मी पेन मागून घेतलं आणि लिहिलं : 'आजारी आणि निरोगी झाडं एकत्र नेण्याची पद्धत कांबळे मॅडमनी ठरवली. कीड ओळखण्यात चूक कांबळे मॅडमची.' खाली सही केली.

मग सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले. दोघांनी काम बंद केलं. एका आयटी कंपनीतली एचआरची मुलगी म्हणाली, "अय्या, तो कीड आहे? आमच्या मॉनिटरवर रोज पळतो. आम्ही त्याचं नाव पिंट्या ठेवलंय." पोकळ निघालेला प्रत्येक ड्रॅसिना तुकडे करून, काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून उन्हात टाकला. अळी खोडात असते, वरून मारलेलं औषध तिथवर पोचत नाही. अर्धी नर्सरी रिकामी झाली.

ऑडिटला पवार साहेबांनी मलाही बोलावलं. रिसेप्शन ओकंबोकं होतं. ऑडिटर बाईंनी कारण विचारलं, तेव्हा साहेबांनी मोठ्या हौसेने माझी शीट दाखवली. बाईंनी ती दोनदा वाचली. मग कंपनी बनवते त्या पार्टच्या तक्रारींची फाइल मागवली आणि पानं उलटत गेल्या.

"या सगळ्या शीटमध्ये पाचवं उत्तर एकच आहे," त्या म्हणाल्या. "ऑपरेटरचं दुर्लक्ष, ट्रेनिंग दिलं. पद्धत ठरवणाऱ्याचं नाव फक्त कुंड्यांच्या शीटवर आहे. बाकीच्या सगळ्या पुन्हा लिहा."

पवार साहेबांचा चेहरा उतरला. आपलं काम गेलं, असं मी टेम्पोत बसताना बाळूभाऊंना सांगून टाकलं.

चौथ्या दिवशी साहेबांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या झाडांमुळे मला बावीस शीट पुन्हा लिहायच्या आहेत. आठ झाल्या. तीनमध्ये माझंच नाव आलंय. बरं, कुंड्या कधी आणताय?"

आता आजारी झाडांची फेरी वेगळी असते, आठवड्याच्या शेवटी, आणि त्यानंतर टेम्पो धुतला जातो. पतंगाला बिचारा म्हणण्याआधी मी खोड कापून बघते. बाळूभाऊ सगळ्यांना सांगतात, की वेगळ्या फेरीचं त्यांनी मला पहिल्यापासून बजावलं होतं. त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. पण ते शीटवर लिहायचा मला अधिकार नाही.