गवराबाईंचा नो क्लेम बोनस

काळेवाडीत गवराबाईंची पिठाची गिरणी आहे आणि गिरणीत एकच पाटी आहे: ‘डब्यावर नाव नसेल तर डबा कोणाचा हे गिरणी ठरवेल.’ ही पाटी नुसती शोभेला नाही. तिच्या जोरावर बाईंच्या स्वयंपाकघरात आजवर तीन चांगले डबे आलेले आहेत. मालकी या विषयावर बाईंचे विचार इतके स्वच्छ असताना गोरक्षने आपली मोटार त्यांच्या नावावर केली. याला नशीब म्हणता येणार नाही. त्याने ते पूर्ण शुद्धीत केलं.

गोरक्ष हा त्यांच्या भावाचा मुलगा. आईवडील चाकणजवळच्या गावात. हा आयटीआयला होता तेव्हापासून आत्याकडे राहायला, आता भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मशिनवर. वय तेवीस. गावची थोडी जमीन रस्त्यात गेली, तिचे पैसे आले आणि त्यातले काही वडिलांनी त्याला टेम्पो घ्यायला दिले. टेम्पो बघायला गेलेला गोरक्ष स्पोर्ट्स कार घेऊन परत आला. लाल, दोन दारांची, दोनच सीटांची, तेरा वर्षांची. उंचीने इतकी कमी की आधी उकिडवं बसायचं आणि मग आत सरकायचं. तिच्या परदेशी कंपनीचं नाव काळेवाडीत चार प्रकारे उच्चारलं जाई. चारही चूक असावेत असा गोरक्षचा अंदाज होता, पण पाचवा त्यालाही माहीत नव्हता.

वडिलांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

“माल कुठं भरायचा हिच्यात?”

“बाबा, ही मालाची नाही.”

“मग कशाची हाय?”

याचं खरं उत्तर ‘दिव्याची’ असं होतं. दिव्या त्याच्याच वर्कशॉपमध्ये क्वालिटीला होती, राहायला दापोडीला. दोन्ही घरांनी लग्न ठरवलेलं होतं, तारीख दिवाळीनंतरची. लग्नाआधी एकदा, फक्त आपण दोघं, लोणावळ्यापर्यंत, असा शब्द गोरक्षने तिला देऊन ठेवला होता. पण हे वडिलांना सांगण्यासारखं नव्हतं.

“ऐक,” वडील म्हणाले. “दसऱ्याच्या आत फर्स्ट पार्टी विमा उतरव. पुरता. न्हाईतर ही इकायची आन टेम्पो घ्यायचा.”

विमा एजंट उद्धवराव भोसरीत एका झेरॉक्सच्या दुकानात अर्धं टेबल भाड्याने घेऊन बसत. ट्रॅक्टर आणि टेम्पो यांत त्यांचा हातखंडा होता. त्यांनी मोबाइलवर फोटो पाहिला, चष्मा वर केला आणि विचारलं, “गाडीचं वय?”

“तेरा.”

“तुझं?”

“तेवीस.”

“उलटं झालं राव. कंपनीला नवी गाडी आणि जुना माणूस असं जोडपं आवडतं. तू म्हातारी गाडी आणि पोरसवदा ड्रायव्हर घेऊन आलायस. त्यात स्पोर्ट्स. त्यात लाल.”

“लालचेही जास्त लागतात?”

“नाही. ते मला वाटतं.”

चार कंपन्यांनी नाही म्हटलं. पाचवी तयार झाली. तिने सांगितलेला आकडा ऐकून गोरक्षने पाणी मागितलं आणि झेरॉक्सवाल्याने न मागता खुर्ची दिली. पूर्वीच्या मालकाने विमा मधेच सोडलेला, गाडीला स्पेअर मिळत नाही, आणि हप्ता हलका करणारं गोरक्षजवळ काहीच नाही. उद्धवराव टेबलावर पेन आपटत राहिले. मग म्हणाले, “घरात कोणाची कार होती का? वर्षानुवर्षं क्लेम न केलेली?”

होती. आत्याची. आतोबांनी हौसेने बायकोच्या नावावर घेतलेली एक छोटी मोटार. आतोबा गेल्यावर ती गिरणीमागे कव्हराखाली उभी असे आणि वर्षातून दोनदा लग्नाला जाई. गेल्याच वर्षी विकली. ठोकण्यासाठी गाडी रस्त्यावर न्यावी लागते, त्यामुळे क्लेमचा प्रश्नच आला नाही.

“पन्नास टक्के!” उद्धवराव जवळजवळ उभे राहिले. “नो क्लेम बोनस भावा, पन्नास टक्के! तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. नवी गाडी ताईंच्या नावावर कर, अर्धा भार गेला. शिवाय वय झालेल्या बाई म्हटल्यावर कंपनी बाकीचंही फार ताणणार नाही.”

असा विमा उतरला. दसऱ्याच्या आत, पुरता, वडिलांच्या अटीप्रमाणे. गवराबाईंनी सह्या केल्या. उद्धवरावांनी फक्त एक चूक केली. कागद गोळा करता करता ते मायेने म्हणाले, “जपा बरं ताई. एक क्लेम झाला की बोनस गेला.”

गवराबाईंनी मान वर केली. “आमच्या मालकांनी बोनससाठी कंपनीच्या गेटवर उपास काढल्यात. बोनस कसा जपायचा ते मला नगा शिकवू.”

त्या दिवशी मोटारीची किल्ली गिरणीच्या जुडग्यात गेली. जुडगा कमरेला. आणि बाईंचा निर्णय साधा होता: गाडी बाहेर जाईल, तर मालकीण आत बसूनच.

“आत्या, मालकाने गाडीत बसलंच पाहिजे असा काही नियम नाही.”

“नियम नसंल. माझा हाय.”

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. चाकाखाली लिंबू ठेवायला बाईंची हरकत नव्हती, पण नारळ त्यांनी रस्त्यापलीकडे न्हाव्याच्या दुकानापुढे फोडायला लावला, करवंटीचा तुकडा उडून बॉनेटला लागू नये म्हणून. देवाला एवढं अंतर चालतं, असं त्या म्हणाल्या.

मग गाडी रोज बाहेर पडू लागली. आत्या शेजारी, पट्टा लावलेला, मांडीवर पिशवी. चाळीसच्या पुढे काटा सरकला की गिरणीच्या सवयीने त्यांना इंजिनचा आवाज खुपे आणि त्या गोरक्षच्या मनगटावर चापट मारत: “हळू! दगड तापला!” भोसरीच्या पुलाखाली शेअर ऑटोतले सहा जण खाली वाकून गाडी बघत बघत तिला ओव्हरटेक करून गेले. एकाने तर फोटो काढून, मागे वळून आत्याला दाखवलासुद्धा.

रिकामी डिकी बाईंना बघवेना. त्यांनी तिच्यात दळणाचे डबे ठेवून घरपोच सेवा सुरू केली. गावाहून वडिलांचा फोन आला. आवाजात समाधान होतं. “माल भरता येतो की रं हिच्यात.”

जेवणाच्या सुट्टीत दिव्याने विचारलं, “आपलं लोणावळ्याचं काय?”

“आत्या येणार म्हणते.”

“येऊ दे की. मागे बसतील.”

“मागे सीट नाही.”

“मग डिकीत बस तू.”

“डिकीत पीठ असतं.”

दिव्या त्याच्याकडे मशिनवरून आलेल्या रिजेक्ट पार्टकडे पाहावं तशी पाहत राहिली. “लग्न होईपर्यंत तुला जमायचं नाही. रविवारी मीच येते बोलायला.”

रविवारी ती आली तेव्हा गल्लीत एका बाजूला पाण्याचा टँकर आणि दुसऱ्या बाजूला पणत्यांची हातगाडी उभी होती. डबे पोचवायला गाडी काढायची होती आणि ती रिव्हर्समध्येच काढावी लागे. एरवी आत्या आणि दोन शेजारी ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडत असत, तेव्हा गोरक्षला ते जमे. आज दिव्या बघत होती. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा टँकरवाल्याने “ओ भाऊ!” केलं. तिसऱ्यांदा हातगाडीवरच्या पणत्या नुसत्या किणकिणल्या आणि गवराबाईंनी छातीवर हात ठेवला.

“उतर,” दिव्या म्हणाली.

तिच्या वडिलांची शाळेची व्हॅन होती. दापोडीत रेल्वेलगतच्या गल्ल्यांतून ती व्हॅन फिरवतच ती गाडी शिकली होती. तिने आरसे नीट केले, सीट पुढे घेतली आणि गाडी एका दमात बाहेर आणून लावली. कोणी ओरडलं नाही. ओरडायला वेळच मिळाला नाही.

गवराबाई गाडीच्या दोन्ही बाजूंनी बोट फिरवत गेल्या. बोटाला फक्त धूळ लागली.

“लायसन कधीचं हाय?”

“सहा वर्षं झाली, आत्या.”

“ठोकलीस कधी?”

“नाही.”

“क्लेम?”

“एकही नाही.”

बाईंनी जुडगा कमरेचा काढला, किल्ली सोडवली आणि दिव्याच्या हातावर ठेवली. त्या किल्लीला गोरक्षचा हात इतके दिवस फक्त आत्याच्या देखरेखीखाली लागला होता. हे झालंच, असं वाटून तो हसला. लोणावळा आता तासाभरावर होतं.

आत्या दार उघडून उकिडव्या बसल्या आणि सराईतपणे आत सरकल्या. पट्टा लावला. पिशवी मांडीवर घेतली.

“आत्या, तू कुठे?”

“लोणावळा म्हणत हुतात न्हवं? मी कंदी बघितलंय?”

“आणि मी?”

“दोनच शिटा हायेत, बाळा. गाडी तूच घेतलीस.”

त्याने दिव्याकडे पाहिलं. ती ओठ घट्ट मिटून समोर बघत होती. तिचे खांदे हलत होते.

“डिकीतलं डबं तेवढं काढ,” आत्या खिडकीतून म्हणाल्या. “दुपारच्या आत पोचव. सायकल गिरणीत हाय.”

डबे उतरले. गाडी निघाली आणि कोपऱ्यावर दिव्याने दुसऱ्याचा तिसरा गिअर टाकला, तो आवाज गोरक्षने इतक्या दिवसांत प्रथमच ऐकला. छान होता. ‘दगड तापला’ असं कोणी म्हटल्याचं काही कानावर आलं नाही.

तो डबे सायकलला बांधू लागला. एकेक उचलून त्याने पाहिलं. सगळ्यांवर ज्याची त्याची नावं होती.