अर्धा अंश जास्त

सूर्य आपली खरी ताकद फक्त अकोल्याच्या जठारपेठेत दाखवतो आणि बाकीच्या देशाला उरलंसुरलं ऊन वाटून देतो, यावर आमच्या साडूंची अढळ श्रद्धा आहे. मी अमरावतीचा, म्हणजे त्यांच्या मते थंड हवेच्या ठिकाणी राहणारा. भर मे महिन्यात घामानं निथळत त्यांच्या दारात उतरलो, की ते मायेनं विचारतात, "साडभाऊ, स्वेटर नाई आणलं?"

उष्णतेच्या बातमीत अकोला पहिलं आलं की ते कात्रण पाहुण्यांना पाण्याआधी दाखवलं जातं. दुसरंच गाव पहिलं आलं तर मात्र "सेटिंग हाय". सरकारी तापमापकावर त्यांचा विश्वास नाही. "सावलीत बसून ऊन मोजते थो! हे काय मोजणं झालं?" म्हणून त्यांनी स्वतःचा तापमापक गच्चीवर, टिनाच्या तापल्या पत्र्याला बांधला. रोज दुपारी तीनला डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून ते जिना चढत. खालून मेहुणी ओरडे, "ऊन काही पळून नाई जाऊन राहिलं!" एका एप्रिलात गारा पडल्या, तेव्हा त्यांनी तापमापकावर रेनकोट घातला आणि दोन दिवस घरात सुतक पाळल्यासारखे बसले.

संध्याकाळी सहाला मला फोन. "आज किती?" पहिल्या वर्षी मी भोळेपणानं अमरावतीचा आकडा जास्त सांगितला. दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ तापमापक टॉवेलात गुंडाळून एसटीनं भरदुपारी माझ्या दारात हजर! आमच्या गच्चीवर तासभर उभं राहून निकाल दिला, "शेजारच्या भिंतीची झळ लागून राहिली. बाद." तेव्हापासून मी आधी त्यांचा आकडा ऐकतो आणि आमचा अर्ध्या अंशानं कमी सांगतो. "होईल हो, तुमचंही होईल कधीतरी," ते माझं सांत्वन करतात.

यंदा हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी ऊन आणि जिना, दोन्ही बंद केलं. मेहुणीनं तापमापक खाली आणून कूलरशेजारी टांगला. मे लागला, सहाला फोन आला. "आमचं बत्तीस," ते हळूच म्हणाले. "तुमी जिंकले, साडभाऊ."

इतक्या वर्षांनी अमरावती जिंकली आणि मला घास गोड लागला नाही. या माणसानं हार मानलेली मला बघवणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी अकोला गाठलं. साडू ओसरीत बसले होते, चेहरा उतरलेला. मी त्यांचा दुपट्टा डोक्याला गुंडाळला, मेहुणीकडून कांदा घेतला आणि तापमापक घेऊन गच्चीवर गेलो. चपलेतून तळपाय भाजत होते. पाऱ्याकडे पाहिलं, पदरचा अर्धा अंश त्यात घातला आणि खाली आकडा ओरडून सांगितला.

"नीट पाह्यलं काय? पुन्हा पाहा!" खालून जुना, खणखणीत आवाज आला. मग मेहुणीला ऐकू येईल असं, "मी म्हणत नव्हतो? अकोल्याले कोणी हात नाई लावू शकत!"

अमरावती जन्मभर अर्ध्या अंशानं मागं राहिली तरी माझी हरकत नाही. सहाला फोन तेवढा वाजत राहो.