माय उभी होती तो कोपरा

कतारगामच्या आमच्या चाळीत वर्षा माझी शेजारीण. दिवसभर साड्यांवर खडे चिकटवायची आणि अंथरुणाला खिळलेल्या मायचं हगणं-मुतणं काढायची. तिचा धाकटा भाऊ वाल्मिक कामरेजला भुताखेतांचे व्हिडिओ करायचा. आजारी मायला बघायला त्याला कधी सवड झाली नाही.

माय गेली, तेराव्याला मात्र हा हजर. हातात टीव्हीच्या रिमोटएवढं एक यंत्र. आत्मा जवळ असला की याचे दिवे लागतात, म्हणाला. मायच्या खाटेच्या कोपऱ्यात नेलं, तर सगळे दिवे लालभडक. माय इथंच उभी आहे, तिचा जीव ताईमध्ये अडकलाय, ताईनं खोली सोडली तरच ती सुटेल, असं त्यानं रडत सांगितलं.

त्या कोपऱ्याच्या भिंतीपलीकडे जिन्यात अख्ख्या चाळीचे विजेचे मीटर आहेत. असलं यंत्र विजेजवळही पेटतं, हे माझ्या वायरमन नवऱ्यानं मला नंतर सांगितलं. तोवर वर्षा मायसाठी बोचकं उचलून भाड्याच्या खोलीत गेली होती.

महिना झाला नाही तोच वाल्मिक बायकोसकट मायच्या खोलीत राहायला आला. वर आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. मायच्या कोपऱ्यात नवाकोरा फ्रिज होता.

वर्षानं घास खाली ठेवला. फ्रिजकडे बघत हळूच विचारलं, "भाऊ, माय सुटनी का रे?"

वाल्मिक भाजी वाढून घेत म्हणाला, "कोनती माय?"